चिंचणीत सापडलेलं संजाण

तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र, बोईसर म्हटलं की एमआयडीसी आणि पालघर म्हटलं की डहाणू लोकलची गर्दी. आपल्या डोक्यातला या पट्ट्याचा डेटाबेस साधारण एवढ्या तीन ओळींचा असतो. फार तर चौथी ओळ केळव्याच्या बीचची. पण तारापूरच्या खाडीच्या उत्तरेला चिंचणी नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकात तिथे काही ताम्रपट सापडले. त्यांचं वाचन झालं तेव्हा कळलं की अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने कारभार बघणाऱ्या माणसाचं नाव महंमद होतं.

हो, महंमद. संस्कृतात कोरताना त्याचं ‘मधुमति’ केलंय.

आजचा लेख या महंमदाबद्दल आहे, आणि त्याहून जास्त एका प्रश्नाबद्दल. इतकी भन्नाट गोष्ट, पण पालघर-बोईसरला रोज अप-डाऊन करणाऱ्या कितीजणांच्या कानावर ती आलीय? पुरावा नाही म्हणून ती दडलीय असं म्हणावं, तर पुरावा भरपूर आहे. फक्त तो वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या लिपींत, वेगवेगळ्या नावांखाली पडलाय. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टेबलं भरपूर, जॉइन कुठेच नाही.

आधी त्या ताम्रपटांत काय आहे ते बघू. एकूण पाच लेख आहेत. दिनेशचंद्र सरकार या नामवंत पुराभिलेखतज्ज्ञांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२ व्या खंडात छापले. सगळ्यात जुना लेख शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. सगळ्यात अलीकडचा शके ९७५ चा, म्हणजे इ.स. १०५३ चा. मधे सव्वाशे वर्षं गेली. राष्ट्रकूटांचं साम्राज्य बुडालं, उत्तर कोकणात शिलाहार वरचढ झाले. पण लेख फिरतात ते ‘संयान’ नावाच्या एका नगराभोवती आणि तिथल्या एका मठिकेभोवती. मठिका म्हणजे छोटा मठ.

९२६ च्या लेखातली कथा अशी. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संपूर्ण संयान मंडलाचा कारभार ताजिक कुळातल्या मधुमतीकडे सोपवला. ताजिक म्हणजे अरब. (पत्रिका बघणाऱ्यांकडे ‘ताजिक’ पद्धतीचं वर्षफल असतं ना, तो शब्दही तिकडूनच आलाय.) मधुमतीचं दुसरं नाव सुगतिप आणि वडिलांचं नाव सहियारहार, म्हणजे बहुधा शहरयार. या माणसाने आसपासच्या बंदरांवरचे सरदार नमवले आणि तिथे आपले अधिकारी बसवले. दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होड्या सुरू केल्या. संयानमध्ये एक अन्नछत्र घातलं. तिथे काय मिळायचं तेही लेखात आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. फुकट!

त्याच्या मंत्र्याचं नाव पुव्वय्य. या पुव्वय्याच्या एका ब्राह्मण मित्राने, अन्नय्याने, संयानमध्ये देवीची मठिका बांधली. तिच्या खर्चासाठी मधुमतीने, वर सम्राटाची परवानगी घेऊन, काणाडुक नावाचं एक गाव आणि थोडी जमीन दान दिली. म्हणजे कन्नड प्रदेशातून राज्य करणारा सम्राट, त्याचा अरब मांडलिक, देवीचा मठ, आणि हे सगळं संस्कृतात तांब्यावर कोरलेलं.

पुढचे लेखही असेच रोजच्या जगण्यातले आहेत. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक लेख चक्क जमिनीच्या वादाचा आहे. एका बाजूला ही मठिका, दुसऱ्या बाजूला भिल्लमालदेवाचं देऊळ. भिल्लमाल म्हणजे राजस्थानातलं भीनमाळ. तिथून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते देऊळ उभं केलेलं. मठिकेने त्या देवळाला किती द्रम्म द्यायचे यावर समझोता झाला आणि तो कोरून ठेवला. इ.स. १०३४ च्या लेखात चामुंडराज नावाचा शिलाहारांचा मांडलिक मठिकेला एक तेलाचा घाणा देतो. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी आणि मठिकेत येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळण्यासाठी. पायी चालून आलेल्या माणसाची याहून बरी सोय काय असणार?

आता मुद्द्याकडे येतो. लेख सगळे संयानचे, पण सापडले चिंचणीत. संयान म्हणजे आजचं संजाण. आपल्याच वेस्टर्न लाइनवर डहाणू, घोलवड, उंबरगाव ओलांडलं की येतं ते. चिंचणीपासून सरळ रेषेत ३५-४० किलोमीटर उत्तरेला. पत्रे इकडे कसे आले असतील? ताम्रपट म्हणजे शेवटी जमिनीचा कागद. ज्याचा हक्क तो माणूस गाव सोडून गेला तर भांडीकुंडी मागे राहतील, हा कागद राहणार नाही. तो सोबत जाणार.

आणि इथेच डेटाबेसची पहिली अडचण उभी राहते. समजा एखाद्या यादीत या ताम्रपटांची नोंद आहे आणि ‘ठिकाण’ नावाचा एकच रकाना आहे. त्यात काय भरणार? चिंचणी. मग संजाणचा इतिहास शोधणारा माणूस ‘संजाण’ टाइप करतो आणि त्याला हे लेख दिसतच नाहीत. रकान्यात ‘संजाण’ भरलं तर चिंचणीच्या शाळेतल्या मास्तरांना आपल्या गावात काय सापडलं ते कळत नाही. डेटा एंट्री करणाऱ्याची इथे काही चूक नाही. टेबलच चुकीचं आखलंय.

संग्रहालयवाल्यांनी यावर बराच विचार केलाय. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका समितीने ‘सिडॉक सीआरएम’ नावाचा आराखडा तयार केला. २००६ मध्ये तो आयएसओ २११२७ हे मानक झाला. त्यातली मूळ कल्पना मला फार आवडते. वस्तू थेट ठिकाणाला जोडायची नाही. मधे एक घटना घालायची. चिंचणीच्या ताम्रपटाला असं मांडून बघा: दान दिलं गेलं ही एक घटना (९२६, संयान, मधुमति). पत्रे सापडले ही दुसरी घटना (१९५० चं दशक, चिंचणी). वाचन करून छापले ही तिसरी (सरकार, एपिग्राफिया इंडिका, खंड ३२). आता वस्तू एकच, पण तिला तीन वेगळ्या घटना लटकल्या आहेत आणि प्रत्येकीला आपापली जागा, आपापला काळ, आपापली माणसं आहेत. ‘ठिकाण कुठलं?’ हा प्रश्नच उरत नाही. कशाचं ठिकाण, ते विचारा.

जागेचा प्रश्न असा सुटला तरी पत्त्याचा उरतोच. हे लेख छापले गेले तेव्हा चिंचणी आणि संजाण दोन्ही मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि संजाण गुजरातेत गेलं. आज ते वलसाड जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा झाला आणि चिंचणी त्यात आली. म्हणजे साठेक वर्षांत दोन्ही गावं जागची तसूभर हलली नाहीत आणि दोघांचेही पत्ते बदलले. जुन्या नोंदीत ‘जि. ठाणे’, नव्या नोंदीत ‘जि. पालघर’. जिल्ह्याच्या नावाने फिल्टर लावला की अर्धी माहिती गायब. आणि संजाण तर दुसऱ्याच राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत. एका नगराची कागदपत्रं राज्याच्या सीमेच्या एका बाजूला सापडलेली आणि ते नगर दुसऱ्या बाजूला.

आता बाकीची कपाटं उघडू.

दुसरं कपाट अरबीचं. दहाव्या शतकातल्या अल-इस्तख्री आणि इब्न हौकल या भूगोलकारांनी ‘बल्हरा’ नावाच्या राजाबद्दल लिहिलंय. बल्हरा हा राष्ट्रकूटांच्या ‘वल्लभराज’ या बिरुदाचा अरबी अवतार. त्यांच्या मते बल्हराच्या राज्यात मुसलमानांच्या वस्त्या होत्या आणि त्यांच्यावर बल्हराच्या वतीने मुसलमानच अधिकारी नेमलेला असे. जुम्मा मशीद असलेल्या शहरांच्या यादीत ते ‘सिंदान’चं नाव घेतात. १८६७ मध्ये एलियट आणि डाउसन यांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात यांच्या लिखाणाची इंग्रजी भाषांतरं छापून आली. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्यांना ही गोष्ट तेव्हापासून उपलब्ध होती. पण परदेशी लोकांनी लिहिलेली ऐकीव माहिती, कितपत खरी मानायची? चिंचणीच्या पत्र्यांनी त्याचं उत्तर दिलं. राजाच्या बाजूने, संस्कृतात, तांब्यावर. अरब भूगोलकाराला संस्कृत ताम्रपट ठाऊक नव्हता, ताम्रपट कोरणाऱ्याला अरबी ग्रंथ ठाऊक नव्हता. दोघे एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिचं वजन वाढतं. फरकही आहे बरं का! अरब म्हणतात की असा अधिकारी मुसलमानांपुरता असे. ताम्रपट म्हणतो की सगळं मंडल मधुमतीकडे होतं. दोन नोंदी शेजारी ठेवल्या तरच हा फरक दिसतो आणि खरा इतिहासाचा अभ्यास तिथून सुरू होतो.

तिसरं कपाट फारसीचं. ‘किस्सा-ए-संजाण’ हे काव्य बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने १५९९ च्या सुमारास लिहिलं. इराणातून आलेले झरथुष्ट्री लोक संजाणला उतरले, तिथल्या जादी राणाने त्यांना आसरा दिला, ही ती कथा. (दुधात साखर विरघळवण्याचा सुप्रसिद्ध प्रसंग मात्र या काव्यात नाही, तो नंतरचा.) किस्सा हा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेला. मग समकालीन पुरावा? पुन्हा चिंचणी! १०३४ च्या त्या घाण्याच्या दानपत्रात संयानच्या नागरिकांना उद्देशून मजकूर आहे आणि त्यात ‘हंयमन’ असा शब्द येतो. अनेक अभ्यासक तो ‘अंजुमन’ म्हणजे पारशांची पंचायत असा वाचतात. काहींना ते गावाचंच नाव वाटतं. त्याच्या पाठोपाठ अलिय, महर, मधुमत अशी नावं येतात. अली, मेहेर आणि आणखी एक महंमद? आणि पुढे श्रेष्ठी, सोनार, वाणी. एका ओळीत अख्खा बाजार उभा राहतो.

चौथं कपाट मातीचं. २००२ ते २००४ अशा तीन हंगामांत संजाणला उत्खनन झालं. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी आणि वर्ल्ड झरथुष्टी कल्चरल फाउंडेशन यांनी ते केलं, नेतृत्व एस. पी. गुप्ता यांचं. पश्चिम आशियातली निळसर चकाकीची मातीची भांडी, चिनी मातीची भांडी, काच आणि पारशांची एक जुनी दख्मा असं बरंच काही मिळालं. साधारण आठव्या ते तेराव्या शतकातलं जितंजागतं बंदर.

बघा, चार कपाटं आणि चार नावं: संस्कृतात संयान, अरबीत सिंदान, फारसीत आणि आज आपल्या तोंडी संजाण, आणि चिंचणी, जे संजाण नाहीच. अभ्यासकांनी आपापल्या पुस्तकांत, लेखांत हे धागे जोडले आहेत. पण ते जोडणं परिच्छेदांत आणि तळटीपांत राहतं. सर्च बॉक्सपर्यंत ते पोचत नाही.

मग कॉम्प्युटरला सांगून नावं जुळवता येतील का? आपल्यासारख्यांना पहिली आयडिया हीच सुचते. :) अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने १९१८ मध्ये पेटंट घेतलेली साउंडेक्स ही युक्ती आजही बहुतेक डेटाबेसमध्ये तयार मिळते. रोमन अक्षरांतल्या नावाचा उच्चारावरून एक कोड बनवायचा, कोड जुळला की नाव जुळलं. पोर्तुगीज कागदांत तारापूर हे ‘त्रापोर’ म्हणून येतं. साउंडेक्सने दोन्हींचा कोड काढला तर दोन्हीकडे टी-६१६. मस्त! पण संजाणचा कोड एस-५२५, सिंदानचा एस-५३५ आणि संयानचा एस-५५०. तीन नावं, तीन कोड. पोर्तुगिजांनी ऐकून लिहिलं म्हणून तिथे युक्ती चालली. संजाणचं नाव तीन भाषांत वेगवेगळ्या वाटेने घासत गेलं, तिथे ती अडली. नालासोपाऱ्याचंही तेच. शूर्पारक, सुप्पारक, नाशिकच्या लेण्यातलं सोर्पारग, अरबांचं सुबारा. आपल्या कानाला ते एक वाटतं कारण आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं.

याच्या उलट धोका जास्त वाईट. नाव सारखं, जागा वेगळी. पालघर तालुक्यात केळव्याजवळ माहीम आहे आणि मुंबईतही माहीम आहे. दोन्ही समुद्रकाठी, दोन्हीकडे किल्ला, दोन्ही पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिलेली. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तारापूरबरोबर जे माहीम घेतलं ते पालघरचं. मुंबईचं माहीम तेव्हा इंग्रजांकडे होतं. कुणी दोन्हींच्या नोंदी ‘डुप्लिकेट’ समजून एकत्र केल्या तर चिमाजी अप्पांच्या फौजेने मुंबईवर हल्ला केला असा नवाच इतिहास जन्माला येईल. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तली महिकावती नेमकी कुठली, ही चर्चाही या दोन माहिमांमधूनच फिरते. सिंदानचंही असंच. नवव्या शतकात अल-बलाधुरी ज्या सिंदानची कथा सांगतो ते आपलं संजाण की कच्छातलं दुसरं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यापारी वीजनिर्मिती १९६९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी नोंदी जुळवण्याचं गणित एका निबंधात मांडलं. बँकांपासून जनगणनेपर्यंत सगळीकडे आजही त्याच पायावर काम चालतं. त्या गणितातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट अशी की उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत. जुळलं, नाही जुळलं आणि ‘कदाचित’. तिसऱ्या डब्यातल्या जोड्या माणसाने डोळ्यांनी तपासायच्या.

बँकेत हा तिसरा डबा रिकामा करायची घाई असते, कारण ग्राहक एक की दोन हे ठरवावंच लागतं. इतिहासात मात्र ‘कदाचित’ हेच कित्येकदा प्रामाणिक आणि कायमचं उत्तर असतं. हंयमन म्हणजे अंजुमन? कदाचित. बलाधुरीचं सिंदान म्हणजे आपलं संजाण? कदाचित. म्हणून नोंदी एकमेकींत मिसळून टाकायच्या नाहीत. दोन्ही जशाच्या तशा ठेवायच्या आणि मधे एक दुवा घालायचा. त्या दुव्यालाच स्वतःची नोंद द्यायची: हे कोण म्हणतंय, कुठल्या वर्षी, कशाच्या आधारावर, आणि खात्री किती. उद्या मत बदललं तर दुवा काढता येतो. मिसळलेल्या नोंदी मात्र दुधात विरघळलेल्या साखरेसारख्या, परत वेगळ्या होत नाहीत.

आणि ही काही पाश्चात्त्य डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ताम्रपट लिहिणाऱ्याला ती पक्की ठाऊक होती. जमीन दान देताना तो फक्त गावाचं नाव लिहून थांबत नाही, चतुःसीमा देतो. पूर्वेला अमुक, दक्षिणेला तमुक, पश्चिमेला नदी. नाव बदलेल, उच्चार बदलेल, पण शेजार सांगितला की जागा सापडेल. घर-जमिनीच्या खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहिल्याशिवाय चालत नाही. वर राजा कोण, त्याचा मांडलिक कोण, साल, महिना, तिथी, साक्षीला कोण, सगळं नोंदलेलं. एकापेक्षा जास्त पत्रे असले की त्यांना भोक पाडून एका कडीत ओवायचे आणि कडीवर मुद्रा ठोकायची. कडी तुटली आणि पत्रे पांगले की अर्धा लेख हरवला. लिंक तुटण्याचा प्रॉब्लेम अकराशे वर्षं जुना आहे.

आता कुणी म्हणेल, बरं, नाही जोडलं तर काय बिघडतं? जे आहे ते कुठे पळून जातंय?

बिघडतं. या किनाऱ्यावर तर आत्ताच बिघडू शकतं. चिंचणीच्या उत्तरेला शेजारीच वाढवण आहे. तिथल्या सुमारे ७६,२०० कोटींच्या बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला आहे. एवढी कामं येतात तेव्हा रस्ते, भराव, खाणी सगळंच येतं. बंदर हवं की नको हा वाद मोठा आहे आणि तिथल्या मच्छीमारांचा तो पोटाचा प्रश्न आहे. तो या लेखात सुटणार नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की असं काम सुरू करताना ‘या भागात काय जुनं आहे?’ हे कुणीतरी यादीत शोधतं. यादीत गावाचं आजचं नाव टाकल्यावर शून्य ओळी आल्या, तर त्याचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा लावला जातो. खरा अर्थ ‘या नावाखाली नोंद नाही’ एवढाच असतो. ज्या किनाऱ्यावरच्या बंदरांवर मधुमतीने अधिकारी बसवले, त्यातली काही बंदरं कुठल्या तरी गावाखाली, कुठल्या तरी वाळूखाली असणारच ना?

नोंद आणि जागा यांची ताटातूट झाली की काय होतं त्याचं उदाहरण सरकारी कागदांतच आहे. २०१३ मध्ये कॅगच्या अहवालात केंद्राने संरक्षित केलेली ९२ स्मारकं जागेवर सापडली नाहीत असं नमूद झालं. पुढे शोधाशोध करून त्यातली ४२ सापडली. १४ शहरीकरणात गेली होती, १२ पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागला नाही. ही तर संरक्षित स्मारकं! कायद्याने जपलेली, यादीत असलेली. जुन्या वर्णनावरून आजची जागा काढता आली नाही म्हणून स्मारक ‘हरवतं’. देशभरातल्या वास्तू आणि पुरावस्तूंची यादी करायला २००७ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं. याद्या होणं चांगलंच. पण यादी लांब झाली म्हणजे ओळी एकमेकींशी बोलायला लागतात असं नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दुवे नसले की प्रत्येकजण आपलंच कपाट उघडतो. पारशी आपलं संजाण बघतात, अरबी वाचणारे आपलं सिंदान, ताम्रपटवाले आपलं संयान. प्रत्येकाला तिथे आपलेच लोक दिसतात. आणि मग ‘हे नगर मुळात आमचं’ असं म्हणायला वाट मोकळी होते. चारही कपाटं एका वेळी उघडली तर तसं म्हणायची सोय राहत नाही. अरब अधिकाऱ्याच्या अन्नछत्रात भात वाढला जातोय, भीनमाळच्या व्यापाऱ्यांचं देऊळ मठाशी जमिनीवरून भांडतंय आणि समझोताही करतंय, अंजुमनला पत्र जातंय, तेलाचा घाणा फिरतोय. सगळं गोडीगुलाबीचं होतं असा माझा दावा नाही. मधुमतीने बंदरं नमवली ती काही पेढे वाटून नाही. पण होतं ते सगळ्यांचं मिळून होतं, आणि ते आपल्याला कळलं ते चिंचणीच्या पत्र्यांमुळे.

आपण काय करू शकतो? बरंच. आपल्यातले निम्मे लोक पावसाळा संपला की केळवे, शिरगाव, तारापूर, अशेरी असे किल्ले करतात आणि फोटो टाकतात. फोटोखाली ‘माहीम किल्ला’ एवढंच न लिहिता गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश लिहा. जुनं नाव माहीत असेल तर तेही, आणि ते कुठे वाचलं तेही. घरात किंवा देवळात जुना लेख असेल तर तो कुठला सांगतात आणि आत्ता कुठे आहे, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. विकिडेटावर कुणालाही भर घालता येते आणि तिथे वस्तू सापडल्याच्या ठिकाणासाठी वेगळा गुणधर्म आहे. खात्री नसेल तिथे खात्री नाही असं लिहायला लाजू नका. मागून येणाऱ्याला तुमच्या ‘कदाचित’चा उपयोग होतो, तुमच्या ठोकून दिलेल्या उत्तराचा त्रास होतो.

आणि पुढच्या वेळी चिंचणीच्या बीचवर गेलात तर सोबतच्यांना त्या फुकट होड्यांची आणि भात-तुपाची गोष्ट नक्की सांगा. शेवटी तोही एक दुवाच.